कोणाला विचारलं

शुक्रवारी दुपारी दोन वाजता मोहल्ल्याच्या नाक्यावरच्या पेटीतला जुना स्विच काढला, नवा बसवला, आणि चार वाजायला दहा मिनिटं कमी असताना एकशे बारा घरांचं इंटरनेट पुन्हा सुरू झालं. कुठे काही बिघडलं नाही. कल्पेशनं पेटीला कुलूप घालून ऑफिसात फोन केला, "मालूताई, एकदम मख्खन!" मालूनं कागदाच्या तळाशी लिहिलं, काम यशस्वी.

तो कागद म्हणजे ऑफिसचं सोवळं होतं. पनवेलच्या त्या छोट्याशा इंटरनेट कंपनीत कागद भरल्याशिवाय कुणालाही, अगदी मालक असलेल्या प्रणितलासुद्धा, एक वायर हलवता येत नसे. कागदावर पाच प्रश्न होते. काय बदलायचं? का? कोणाचं बंद पडणार? कोणाला विचारलं? बिघडलं तर मागे कसं यायचं? यातले चार प्रणितनं कुठल्याशा कोर्सात शिकून आणले होते. 'कोणाला विचारलं' हा मालूचा.

तो तिनं टेलिफोन एक्स्चेंजमधून आणला होता. एकोणिसाव्या वर्षी ती तिथं ऑपरेटर म्हणून लागली. केबलचं काम निघालं की साहेब तिच्यापुढे नंबरांची यादी टाकत आणि तिनं एकेकाला विचारायचं, "उद्या दुपारी तुमचा फोन दोन तास बंद राहील, चालेल का?" डॉक्टर म्हणत, "एक बाळंतीण अडली आहे, परवा करा." मोहल्ल्यातली एखादी सून दबक्या आवाजात म्हणे, "ताई, उद्या त्यांचा दम्मामहून फोन यायचाय." झालं, काम परवावर. साहेब कुरकुरत, पण ढकलत. त्या सुनांपैकीच एक कुलसुम. नवऱ्याचा आवाज ऐकायला शेजारच्या वखारीतल्या फोनपाशी तीन-तीन तास बसून राहायची. लाइन लागेपर्यंत या दोघींच्याच गप्पा चालत. पुढे कुलसुमचा मुलगा अब्दुल्लाही नोकरीला सौदीत दम्मामलाच गेला, नवरा वारला, एक्स्चेंजमधला मोठा स्विचबोर्डही गेला, गप्पा राहिल्या. 'मालूताई' म्हणणारे गावात शंभर होते. नुसतं 'मालू' म्हणणारं आता एकच माणूस उरलं होतं.

निवृत्तीनंतर प्रणितनं तिला बोलावून घेतलं. "गावातलं घर न् घर तुम्हाला तोंडपाठ आहे," असं तो म्हणाला होता. सुरुवातीची दोन-तीन वर्षं तिनं इमानेइतबारे सगळ्यांना फोन केले. पण दिवस बदलले होते. लोक "लोन नको" म्हणून फोन आपटायचे. कोणी म्हणायचं, "बाई, मेसेज टाका ना!" आणि टाकलेला मेसेज कोणी वाचत नसे. मागच्या दिवाळीपासून तिनं हळूहळू विचारणंच सोडलं. कोण केव्हा काय करतं हे तिला ठाऊक होतंच की. शाळेच्या गल्लीत अकराला कोणी नसतं. करंजाड्याच्या सोसायट्यांत बारानंतर सामसूम. मोहल्ल्यात शुक्रवारी दोनला पुरुष नमाजाहून परततात, दुकानं बंद, जेवून सगळे आडवे होतात. चौथ्या प्रश्नापुढे ती लिहायची 'सर्वांना विचारलं' आणि खाली 'मा.' अशी सही करायची. कोणी तपासलं नाही. मालूताईंचं कोण तपासणार?

शनिवारी सकाळी अलिनाचा, कुलसुमच्या लेकीचा, फोन आला.

"खाला, काल आमचं नेट बंद होतं."

"हो गं, दोन ते चार. नवा स्विच घातला. आता कसं पळतंय बघ!"



"अब्दुल्लाभाई गेला, खाला. मंगळवारी, तिकडे दम्मामला. झोपेतच. मय्यत इकडे आणायची तर किती दिवस गेले असते, कोण जाणे. म्हणून तिथंच दफन करायचं ठरलं. काल जुम्याच्या नमाजानंतर, आपल्याकडचे अडीच-तीन. त्याच्यासोबत काम करणारा जिब्रान कब्रस्तानात फोन धरून उभा होता. आम्ही टीव्हीला जोडलं होतं, अम्मीला मोठं दिसावं म्हणून."

मालूच्या हातात पेन होतं. ते तिनं टेबलावर ठेवलं, मग उचललं, पुन्हा ठेवलं.

"मोबाईलवर नाही लागलं?"

"आमच्या तळमजल्यावर रेंज कुठे आहे, खाला? गल्लीत उभं राहून लावलं. जिब्रानचा खांदा दिसला आणि ते गोल गोल फिरत राहिलं. मग कट. कॉल गेला तसा त्यानं फोन खिशात ठेवला. तिकडच्या लोकांनी आधीच बजावलं होतं, फोटो काढायचे नाहीत, फक्त आईसाठी म्हणून एवढी सूट. अम्मी विचारतेय, काल झालं काय होतं?"

"मी येते," मालू म्हणाली.

प्रणित आतल्या काचेच्या खोलीत होता. सगळं ऐकून त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"वाईट झालं. फारच वाईट. तुम्ही असं करा, जेसीबीनं केबल तोडली म्हणून सांगा. एवढी खोदाई चाललीय, कोण विचारतंय?"

"कागदावर माझी सही आहे, प्रणित."

"कागदावर तर 'विचारलं' असंच लिहिलंय ना? मग त्यांनीच कोणीतरी हो म्हटलं असेल. गडबडीत विसरले."

"मी विचारलंच नव्हतं."

प्रणितनं मान वर केली. "त्या घराला?"

"कुणालाच. दिवाळीपासून."

बाहेर कल्पेश कुणाला तरी मोठ्यानं सांगत होता, राउटर बंद करून पुन्हा चालू करा. प्रणित उठला आणि त्यानं दार लावलं.

"मालूताई, दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तुम्ही त्याला उभं राहू दिलं असतं का?"

"नसतं."

"असो. 'फोन उचलला नाही' असं लिहा. मयताच्या घरात कोण उचलतं फोन? ते खोटंसुद्धा वाटणार नाही."

हेच तिला जास्त लागलं. खरंच, खोटं वाटलं नसतं. बुधवारी किंवा गुरुवारी तिनं फोन केला असता तर कदाचित कोणी उचललाही नसता. पण मग ती चालत गेली असती. न उचलणाऱ्याच्या घरी चालत जायचं, हे साहेबांनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. आणि दारातच तिला कळलं असतं. मंगळवारपासून मैत्रिणीच्या घरात रडारड चालली होती आणि जिला गावातलं सगळं ठाऊक, तिला एवढं ठाऊक नव्हतं.

रिक्षात तिनं तीनदा वाक्यं जुळवली आणि तीनदा मोडली.

कुलसुमच्या घरी शेजारच्या बायका पठण आटोपून नुकत्याच उठल्या होत्या. कुलसुम भिंतीला टेकून चटईवर बसली होती. मालूला पाहून तिनं हात पुढे केला आणि तिला शेजारी बसवून घेतलं. 

"बेचाळीस वर्षांचा होता," कुलसुम म्हणाली. "बापाला मातीसुद्धा देता आली नव्हती त्याला, तिकडे होता म्हणून. आता त्याला द्यायला इकडचं कोणी नाही."

"अलिनानं सांगितलं मला."

"तू काय करणार गो. त्या मेल्या खोदणाऱ्यांनीच तोडलं असेल. रस्ता म्हणून ठेवला नाही गावात."

प्रणितनं सांगितलं होतं तेच. ते कुलसुमनं आपणहून तिच्या ओंजळीत आणून घातलं होतं. नुसती मान हलवायची होती. मालूनं मान हलवली नाही.

"कोणी तोडलं नाही, कुलसुम. आम्हीच बंद केलं होतं. वेळ मी ठरवली."

"तू?"

"आधी विचारायचं असतं. मी विचारलं नाही. म्हटलं, शुक्रवारची दुपार, नमाजाहून येऊन सगळे जेवून झोपलेले..."

"नमाजाला बाप्ये जातात, मालू. आम्ही घरीच असतो."

अलिना आतून पाणी घेऊन आली होती. ती दारातच थांबली.

"मी नको म्हटलं असतं तर?" कुलसुमनं विचारलं.

"तर पुढच्या शुक्रवारी केलं असतं."

"तुला कोणी ओरडलं असतं?"

"नाही."

"तुमचं काही अडलं असतं?"

"नाही. जुना स्विच चांगला चालत होता. अजून वर्षभर चालला असता."

कुलसुमनं तिचा हात सोडला. रागानं नव्हे. पदर सारखा करायला हात लागतो तसा सोडला, पण पुन्हा घेतला नाही. समोरच्या भिंतीवरच्या बंद टीव्हीकडे ती पाहत राहिली.

"कबरीत तीन मुठी माती टाकतात," ती म्हणाली. "मी अलिनाला म्हटलं होतं, जिब्राननं टाकली की मला सांग, मीही इथून हात खाली करीन. मुठीत काही नसलं तरी. मग ते बंदच झालं. पोरं गल्लीत धावली. मी इथंच बसून राहिले. तीन वाजले तसा मी हात खाली केला, तीन वेळा. तेव्हा ते टाकत होते, की आधीच टाकून झाली होती, की अजून नमाजच चालू होता, मला काय कळणार? अंदाजानं केला."

अलिनानं पाण्याचा पेला दोघींच्या मधे, चटईवर ठेवला आणि ती आत गेली.