छाटेची पेटी

निपाणीच्या विडी कारखान्यात चेकर भरमू विड्या चाचपायचा, नाक मुरडायचा आणि वाटेल तेवढ्या बाजूला फेकायचा. ह्याला छाट म्हणतात. छाटेला मजुरी नाही आणि विड्या परतही मिळत नाहीत. मालक त्याच गुपचूप विकतो. विड्या वळणारी तानीबाई भरमूशी कडाकडा भांडायची. मूठभर तरी सोडवून आणायचीच.

तिची लेक समता बेळगावात इंजिनिअरिंगला. तिनं प्रोजेक्टसाठी छाटेलाच हात घातला. एका बाजूला दिवा, समोर उजेड ओळखणारा सेन्सर, मधून विडी. तंबाखू कमी भरलेल्या पोकळ विडीतून उजेड आरपार जातो. सेन्सरच्या वायरी तिनं मायक्रोकंट्रोलरला जोडल्या, प्रोग्राम लिहिला, सगळं एका पेटीत बसवलं. भरीव विडीला हिरवा दिवा, पोकळ विडीला लाल. आईच्या सगळ्या विड्या हिरव्या निघाल्या. तानीबाईनं गल्लीत साखर वाटली.

मालकानं पेटी लगेच ठेवून घेतली, वर समताला शाल दिली. खरं तर तिथंच संशय यायला हवा होता.

सेन्सरवर उजेडाचं माप कमीजास्त करायला एक बारीक स्क्रू असतो. पावसाळ्यात पानं सर्द होतात, तेव्हा जुळवता यावं म्हणून समतानं पेटीला तिथं भोक ठेवलं, आणि कसं जुळवायचं तेही भरमूलाच शिकवलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

सुट्टीत ती कारखान्यात गेली, तर आईच्या विड्यांवर लाल दिवा लागत होता. पुन्हा लाल. तिनं पेटी उघडली. स्क्रू पार टोकापर्यंत पिळलेला.

"आई, ह्यानं माप बदललंय! तुझ्या विड्या चांगल्या हायेत."

भरमू हसला. "मशीन कुणाचं तोंड बघत न्हाय, ताई. तुमचंच हाय न्हवं?"

समतानं स्क्रूला हात घातला, तसा मालक आतून ओरडला, "पेटी आता कारखान्याची हाय. हात लावायचा न्हाय!"

मागं रांगेत बायका उभ्या होत्या. एकेकाळी छाट निघाली की कारखाना डोक्यावर घेणाऱ्या. आज एकीनंही तोंड उघडलं नाही. तानीबाईनं रिकामं सूप उचललं आणि बाहेर पडली.

"आई, तू भांडली का न्हाईस?" समता रडकुंडीला आली होती.

"मला वाटलं, माझंच हात थकलं." तानीबाई चालत राहिली. "भरमूसंगं भांडत व्हतो गं. लेकीच्या यंत्राला खोटं कसं म्हणू?"