दुसऱ्याच्या पडद्यावर

हल्ली माझा मुलगा मला उलटून बोलत नाही. ही तक्रार बाहेर सांगायची सोय नाही. शेजारीण म्हणते, नशीब काढलंत. कसलं नशीब! भाजी खारट झाली का विचारावं, तर नुसती मान हलवतो. ती होकाराची की नकाराची, हे माझं मी ठरवायचं. नवरा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि भांडण हाच आमचा विरंगुळा होता. याने दुसरीकडे खोली बघितली असेल आणि सांगायला जीभ रेटत नसेल, असं मी मनाशी धरून चालले होते.

परवा संध्याकाळी एक बाई दारात उभी. त्याच्या ऑफिसातली. त्याची पाळी संपली की त्याच मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, ही बसते.

"काकू, मी पोचेपर्यंत ते निघालेले असतात, गाठच पडत नाही. उठताना आपली कामं बंद करून उठत जा, एवढं सांगाल का? साहेबांना सांगितलं असतं, पण उगाच तुमच्या मुलावर यायचं."

"का? काय करतो तो?"

"ते उठून जातात, पण त्यांचं एक काम मशीनच्या आत चालूच राहतं. मग मी बसले की ते माझ्या पडद्यावर लिहीत सुटतं. समोर कोण बसलंय, त्याला काय पत्ता! माझ्या आकड्यांच्या मधोमध ओळ उमटते. पुसायला गेले, तर माझेच आकडे गेले."

"वावगं काही लिहितो?"

"छे हो!" ती ओशाळली. "'घरी जा. आई बोलेल. तू उत्तर देऊ नकोस. ती थकली आहे.' थोड्या थोड्या वेळाने हेच. मला वाटलं, मलाच कोणी शहाणपण शिकवतंय. आठवडाभर सासूसमोर तोंड शिवून बसले."

"मग?"

"मग काय, सासूने डॉक्टरकडे नेलं!"

मी पोटभर हसले. ती गेल्यावर मात्र हसू पार आटलं. मी थकले, हे मी कोणाला कळू दिलं नव्हतं. जिन्याच्या वळणावर टेकते, तेही पिशवी जड झाल्याचं निमित्त करून.

तो आला, हातपाय धुऊन पानावर बसला. मी मुद्दाम डिवचलं, "चपला आडव्या फेकल्यास. अगदी बापावर गेलास."

त्याने ओठ घट्ट मिटले. मला अक्षरओळख बेताची. पण त्या ओठांवर काय लिहिलंय ते तेवढ्यावरही वाचता आलं.

"तुझ्या जागेवर बसते ती बाई आली होती," मी म्हटलं. "तुझं काम तिच्या पडद्यावर बोलतंय."

घास हातातच राहिला. "माझी मलाच आठवण राहावी म्हणून लावलं होतं. बंद करायचं राहून गेलं. उद्या करतो."

"हे खूळ कशापायी?"

त्याने पाण्याचा तांब्या जवळ ओढला. "आपण कडाकडा भांडलो, आणि तू पिशवी उचलून बाहेर गेलीस. परत येताना जिन्यात बसली होतीस, भिंतीला डोकं टेकून. मी तुझ्या मागून आलो होतो, खालून पाहिलं. वर यायचा धीर झाला नाही."

मी त्याच्या पानात भात वाढला. मग कसलंही निमित्त न करता भिंतीला टेकून बसले.

"थकले, हे खरं," मी म्हटलं. "पण भांडून नाही रे थकले. मुक्याला वाढून वाढून थकले. ते मशीन बंद कर आणि तुझं तोंड उघड. नुसतं गिळून उठायचं असेल तर खानावळ शोध. हे घर आहे."