जळक्या वायरीचा वास

साहेब म्हणतील ती पूर्व दिशा, या एका तत्त्वावर विश्वनाथ गोडबोल्यांनी दिल्लीतली सरकारी नोकरी एकतीस वर्षं निभावली. घरीही तेच चालायचं. त्यामुळे मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये एका सकाळी त्यांची बायको कुमुद म्हणाली, "अहो, वायर जळल्याचा वास येतोय," तेव्हा त्यांनी नाक वर करून हुंगलं आणि म्हणाले, "हो, येतोय खरा." वास कसला आलाय कर्माचा! पण बाई घाबरली होती, आणि घाबरलेल्या माणसाला एकटं पाडणं त्यांना जमत नसे.

इलेक्ट्रिशियनने सगळे बोर्ड उघडून पाहिले. "साहब, कुछ भी नहीं है."

"ध्यान से देखो. हम दोनों को आ रही है," विश्वनाथांनी ठणकावलं.

घरभर नवी वायरिंग झाली. वास आठवड्यातून एकदा यायचा, तो तीनदा यायला लागला. करोल बागेत साडी बघताना आला, तर विश्वनाथांनी दुकानातल्या पंख्याकडे संशयाने पाहिलं.

शेवटी कुमुदच म्हणाली, नाकाच्या डॉक्टरला दाखवूया. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घर में और किसी को आती है?"

"बिल्कुल! मुझे भी," विश्वनाथ तत्परतेने म्हणाले.

बाईंनी दोघांच्याही नाकांत बॅटरी मारली आणि सांगितलं, नाकं उत्तम आहेत, वायरिंग पुन्हा तपासा.

पुढच्या मंगळवारी पोहे परतताना कुमुद म्हणाली, "आला बघा," आणि हातात झारा धरून तशीच उभी राहिली. विश्वनाथांनी तीनदा हाक मारली, तरी ओ नाही. डोळे उघडे, पण त्या डोळ्यांत कुमुद नव्हती. पोहे करपले. तो वास मात्र विश्वनाथांना आला. मिनिटभराने तिने कढईकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कधी झालं?"

त्याच दुपारी ते तिला घेऊन पुन्हा डॉक्टरीणबाईंसमोर बसले. विश्वनाथांनी सकाळचा प्रकार सांगितला. मग म्हणाले, "मॅडम, मैंने झूठ बोला था. मुझे वो बदबू कभी नहीं आई. एक बार भी नहीं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. हे प्रकरण नाकाचं नाही, म्हणाल्या. मेंदूच्या डॉक्टरांकडे आजच जा. त्यांनी चिठ्ठी लिहून पुढे सरकवली.

कुमुदने चिठ्ठीला हात लावला नाही. ती नवऱ्याकडे बघत होती. "तीन महिने रोज मनाला समजावत होते," ती म्हणाली. "यांनाही येतोय ना, म्हणजे माझ्या डोक्यात काही नाही."

विश्वनाथांना भडभडून आलं. "तू बरी होशील, कुमुद," ते म्हणाले. इतक्या वर्षांत एखादी गोष्ट इतक्या मनापासून ते कधी बोलले नव्हते.

कुमुदने खुर्ची डॉक्टरीणबाईंकडे वळवली.

"आप बताइए," ती म्हणाली.