खडूने आखलेलं घर

एकोणीस वर्षं इटलीत परक्या म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं काढून सावेता गावी परतली, आणि परतली ती कायमची. आता हातपाय पसरायचे ते स्वतःच्या घरात, नवऱ्याशेजारी, असं तिने इटलीत, ब्रेशा शहराच्या बसथांब्यावर सगळ्या बायकांना छातीठोकपणे सांगितलं होतं. घर तर उभं होतं. दोन मजली, लाल कौलांचं, रस्त्याकडे तोंड करून. भिंती होत्या, खिडक्या होत्या, छप्पर होतं. आत मात्र नुसता सिमेंटचा कोबा. तिने पैसे पाठवायचे आणि नवऱ्याने, नेकुलायने, विटा चढवायच्या, असं करत करत ते झालं होतं. पण नेकुलाय स्वतः त्या घरात एक दिवसही झोपला नव्हता. तो अंगणाच्या टोकाला, मागच्या स्वैपाकघरात राहायचा. चूल, एक खाट, रेडिओ आणि मांजर, एवढा त्याचा संसार.

तसं आमच्याकडे समोरच्या घरात राहतं कोण म्हणा! समोरचं घर पाहुण्याला दाखवायला, आणि माणूस गेलं की तीन दिवस मयत ठेवायला. जित्या माणसांनी मागे चुलीजवळ गर्दी करून बसायचं. ज्या ज्या घरची बाई इटलीला गेली, त्या त्या घरी रस्त्यावर एक टोलेजंग घर उठलं आणि त्याच्या मागे एका खोलीत एक पुरुष म्हातारा होत गेला. आमची आख्खी आळी अशीच आहे.

सावेताला ही रीत मोडायची होती. मागची खाट एका माणसापुरती, भिंतीला चिकटलेली. त्यामुळे येऊन सात आठवडे झाले तरी ती समोरच्या घरात खोक्यांच्या मधोमध गादी टाकून झोपत होती आणि नवरा मागे. भांडण नव्हतं हो. भांडण असतं तर बरं झालं असतं, निदान दोन शब्द तरी बोलले असते. तिला वाटायचं, घर नीट लागलं, आत ऊब आली, की येईल तो आपसूक. कुठलाही माणूस येईल.

म्हणून तिने बाकाऊ शहरातून इंटिरियर डिझायनर बोलावली. शेजारणीने कुंपणावरून ऐकवलंच, "अगं बाई, भिंती रंगवायला आता शिकलेली माणसं लागतात वाटतं!"

"लागतात," सावेता म्हणाली. "तुझ्या भिंती बघितल्यावर तर पटलंच मला."

आलेल्या पोरीचं नाव रालुका. पस्तिशीची, आखूड केसांची, स्वतःचे चिखलाचे बूट न सांगता दाराशी काढणारी. तिची कामाची तऱ्हा वेगळीच. सोफा कुठला, पडदे कुठले, काही विचारलं नाही. "मावशी, तुमचा एक दिवस सांगा," म्हणाली. "उठल्यापासून दिवा मालवेपर्यंत. घर मग मी त्याच्याभोवती बसवते."

सावेताला आयुष्यात असं कुणी विचारलं नव्हतं. ती बोलतच सुटली. उंबरे एकही नकोत, पाय अडतो. दारं रुंद हवीत, चांगली हातभर जास्त. न्हाणीघरात टब नको, बसून अंघोळ करता येईल असं बाक हवं, आणि भिंतीला धरायला दांडे. पलंग भिंतीपासून सुटा, तिन्ही बाजूंनी फिरता आलं पाहिजे. दिव्याचं बटण खाली, झोपल्या जागी हाताला लागेल असं. रालुकाने एकेक शब्द लिहून घेतला. मग ती मागे नेकुलायकडे गेली आणि पाच मिनिटांत परत आली. तिच्या वहीत एकच ओळ होती. काका म्हणाले होते, "मी? मी मागे राहतो."

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली. नोव्हेंबर होता. धुक्याने समोरचं कुंपण दिसत नव्हतं. रालुकाने गुडघ्यांवर बसून, निळ्या खडूने, खालच्या मजल्याचं सगळं सामान कोब्यावर खऱ्या मापात आखलं: हे टेबल, ही चूल, हे न्हाणीघर, हा पलंग. "कागदावर माणसाला काही कळत नाही," ती म्हणाली. "चालून बघायचं. जे खुपेल ते पुसायचं."

नेकुलायला सावेताने ओढूनच आणलं. तो दाराशी आला, बूट काढले, टोपी काढली आणि मोज्यांवर उभा राहिला. स्वतःच्या हाताने घातलेल्या कोब्यावर, परक्याच्या घरी उभं राहावं तसा.

"मावशी, आधी तुम्ही," रालुका म्हणाली. "सकाळ झाली असं समजा. उठा आणि चाला."

सावेता हसली, लाजली, आणि चालायला लागली. पलंगाशी गेली, वाकून पांघरूण सारखं केलं. खिडकीपाशी जाऊन पडदा सारला. न्हाणीघरात जाऊन पाणी सोडलं, कोपराने गरम किती ते बघितलं, तसराळं भरलं आणि दोन्ही हातांनी सांभाळत पुन्हा पलंगाशी आली. तिचे हात इतके सराईत होते की रिकाम्या हवेत तसराळं दिसायला लागलं होतं. तिने ते खाली ठेवलं, एक हात उशीखाली घातला, एक गुडघ्यांखाली, आणि काहीतरी जड आपल्याकडे वळवलं.

"मावशी," रालुकाने हळूच विचारलं, "आजारी कोण आहे घरात?"

"आजारी? कोणी नाही. देवाच्या दयेने दोघंही धडधाकट आहोत."

"मग पलंगावर कोण झोपलंय?"

सावेताने खाली बघितलं. खाली निळ्या रेघा होत्या.

"आणि तुम्ही पलंगावरून उठलाच नाहीत. तुम्ही तिथून उठलात." रालुकाने दाराजवळचा कोपरा दाखवला. तिथे काहीच आखलेलं नव्हतं. पण सावेताला मात्र तिथे काय होतं ते पक्कं ठाऊक होतं: तिची घडीची खाट. ब्रेशात ती सांभाळायची त्या एर्नेस्ताबाईंच्या खोलीत ती खाट तिथेच असायची, दाराजवळ, म्हातारीने हाक मारली की दोन पावलांत पोचता यावं म्हणून.

एर्नेस्ताबाईंना जाऊन पाच महिने झाले होते. सावेताची कानशिलं तापली. "तू आखलंसच चुकीचं!" ती फणकारली. "हे काय, दवाखाना आखून ठेवलास! पैसे घेतेस ना कामाचे?"

रालुकाने वही पुढे केली. "तुम्ही सांगितलंत तेच आहे, मावशी. एक अक्षर माझ्या पदरचं नाही."

सावेताने वाचलं. दांडे. बाक. पलंग तिन्ही बाजूंनी सुटा. तिच्या स्वप्नातलं घर, एकोणीस वर्षं डोळे मिटल्यावर दिसणारं, आणि ते तिचं नव्हतंच. तिला मोठ्याने रडावंसं वाटलं, पण दोन माणसं बघत होती.

"पूस," ती म्हणाली. "सगळं पूस. नवीन आख. आमच्या दोघांचं."

रालुकाने ओल्या फडक्याने पलंग पुसला. "बरं. कोण कुठल्या बाजूला झोपतं?"

"भिंतीकडे," सावेता म्हणाली, आणि त्याच क्षणी दाराशी उभा असलेला नेकुलायही म्हणाला, "भिंतीकडे."

मग दोघंही हसले. खरंच हसले. ती परतल्यापासून पहिल्यांदा. सावेताला वाटलं, झालं, जमलं, आता गाडी रुळावर आली.

"काका, आता तुमचा दिवस," रालुका म्हणाली.

नेकुलाय आत आला. टेबलाच्या रेघांपाशी थांबला. खुर्ची बघितली. रेघेवर पाय पडू नये म्हणून जपून वळसा घालून गेला. चुलीपाशी उभा राहिला, टोपी या हातातून त्या हातात घेतली. मग अंगणाकडच्या दाराशी जाऊन त्याने कडीवर हात ठेवला.

"इथून मी मागे जातो," तो म्हणाला.

"अरे, पण हे तुझ्यासाठी बांधलंय मी!" सावेताचा बांध फुटला. "कुणासाठी मेले मी तिकडे? लोकांची ढुंगणं धुतली ती काय हौस म्हणून? घास घास वाचवला, सणाला आले नाही, माझ्या आईच्या मातीला आले नाही! आणि तू मला या पोरीसमोर मागे जातो म्हणून सांगतोस?"

"ओरडू नकोस." तो चिडला नव्हता, आणि हेच तिला सोसवेना. "मी काय नाही म्हणतो का? तू मेहनत केलीस. मीही एकेक वीट मोजून लावली. पण सावेता, एकोणीस वर्षं गं. मला एकट्याने जेवायची सवय लागली. परवा तू समोर बसलीस तर माझा घास उतरेना. तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस. गिळला की नाही ते बघत होतीस."

सावेता बघत होती खरी.

"तुझा दोष नाही त्यात. तुला धडधाकट माणसाचं काय करायचं तेच ठाऊक नाही आता. आणि मला बाईमाणसाचं काय करायचं ते." त्याने टोपी घातली. "मी आजारी पडलो की येईन. तेव्हा तुला बरोबर कळेल, माझं काय करायचं ते."

टोमणा नव्हता तो. मनापासून म्हणाला, जणू जवळ होतं ते सगळं देऊन टाकत होता. मग त्याने समोरच्या दाराशी जाऊन बूट घातले, रालुकाला मान लववली आणि घराला वळसा घालून अंगणात गेला.

रालुकाने फडकं खाली ठेवलं. तिने विचारलं, "मावशी, मग मी काय आखू?"

सावेता अंगणाकडच्या खिडकीशी उभी होती. नेकुलाय खिडकीच्या अगदी जवळून, धुक्यातून मागच्या खोलीकडे चालला होता. उजवा हात चालीबरोबर पुढेमागे होत होता. डावा मात्र अंगाला धरल्यासारखा, हलतच नव्हता, आणि डाव्या बुटाचं टोक चिखलातून जरा ओढलं जात होतं. त्याला स्वतःला अजून त्याचा पत्ता नसणार. सुरुवातीला कुणालाच नसतो. पण ब्रेशात आधी सांभाळलेल्या वकीलसाहेबांचं दुखणं असंच सुरू झालेलं तिने बघितलं होतं, हातापासून. पुढचं सगळं, थेट अंथरुणाला खिळेपर्यंतचं, तिला पाठ होतं, महिन्यांच्या हिशेबासकट.

"दोघांचं आख," ती म्हणाली. "येईल तो."

"कधी?"

"दोन वर्षं. फार तर तीन."

स्वतःच्या आवाजातला आनंद तिला स्वतःलाच ऐकू आला, आणि तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.