गुराख्यांच्या माळाचं टिंब

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे. कापडी पुठ्ठ्याची, तीनशे पानांची. खेड्यांची, ओढ्यांची, माळांची नावं कशी पडली आणि नेमकी कशी लिहायची, ते माझ्यात टिपलेलं आहे.

मला घेऊन फिरणाऱ्या बाई नोंदणी कचेरीत होत्या. गावात शिरून नाव विचारलं की लोकांच्या कपाळाला आठी पडायची. "नावाचं काय करायचंय? जमीन मोजायला आलात ना?" एका आजीने तर मला उलटंसुलटं करून पाहिलं, पोटात मोजपट्टी दडवलीय की काय म्हणून! मगच ती म्हणाली, "हा गुराख्यांचा माळ. सात वस्त्यांची गुरं इथं चरतात. कुणा एकाचा नाही." वाऱ्याने माझी पानं फडफडत होती. बाईंनी गुडघ्यावर ठेवून घाईघाईने नाव लिहिलं, पुढे 'गुरे चारण्यावरून' एवढंच.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मग मी कपाटात गेले आणि धूळ खात पडले.

एके दिवशी माळाशेजारच्या बंगलेवाल्याने तिथे तारेचं कुंपण घातलं. वस्त्यांवरची माणसं धावत कचेरीत आली. मला उघडलं आणि सगळे गार पडले. माझ्यात होतं, 'गुराख्याचा माळ'.

"बघा! एकाच गुराख्याचा," मागोमाग आलेला बंगलेवाला म्हणाला. "तो माझा पणजोबा."

"मी टिंब दिलं होतं," बाई ठामपणे म्हणाल्या. "कुणीतरी खरवडलंय."

कपाटाची किल्ली शिपाईदादांकडे असायची. त्यात कुणीतरी त्यांना बंगलेवाल्याच्या गाडीतून उतरताना पाहिलं होतं. झालं! कुजबूज सुरू झाली. त्यांच्यासोबत चहाला कुणी बसेना. बाईही नजर चुकवू लागल्या. आठवड्याने दादांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि ते निघून गेले. मला खरं ठाऊक होतं, पण वहीला तोंड कुठलं!

पुढे माझी शिवण दुरुस्त करायला बांधणीवाले काका आले. त्यांनी ते पान खिडकीशी धरलं, अंगठा फिरवला.

"बाई, इथं पातं लागलेलंच नाही. टिंब खरवडलं नाही, दिलंच नव्हतं."

बाईंनीही त्या जागेवरून अंगठा फिरवून पाहिला. मग सातही वस्त्यांवर जाऊन त्यांनी नव्याने जबाब घेतले आणि माझ्या समासात लाल शाईने लिहिलं, 'गुराख्यांचा. चूक माझी.' खाली सही केली. दोन महिन्यांनी कुंपण निघालं.

मला पिशवीत घालून बाई दादांच्या घरी गेल्या. ती लाल ओळ दादांनी दोनदा वाचली.

"माळ सुटला, बरं झालं," दादा म्हणाले. "त्या दिवशी पाय मुरगळला होता, म्हणून बसलो गाडीत. एकदा मला विचारायचं होतंत, बाई."

ते परत आले नाहीत.

मित्रांनो, आम्हा वह्यांना धुळीपासून जपाच. पण लिहून झालं की सांगणाऱ्याला ते वाचून दाखवा, आणि दुसऱ्यावर संशय घेण्याआधी आपलं अक्षर तपासा. माझ्यातली चूक एका टिंबाने सुधारली. दादांच्या खुर्चीवर मात्र आता दुसरंच कुणी बसतं.