फौजी आश्रुबाचा रबरी पाय

मी एक जुना पाय आहे. डावा, गुडघ्याखालचा. हसू नका मित्रांनो, पायालाही आयुष्य असतं, आणि माझ्याइतका दमलेला पाय तुम्ही पाहिला नसेल. तुमचे पाय रात्री तुमच्याबरोबर पांघरुणात शिरतात. मी भिंतीला टेकून उभाच असायचो. उभा राहून झोपायची सवय लागली होती मला.

माझा जन्म पुण्याचा. सैनिकांसाठी हातपाय बनवणारी एक मोठी जागा आहे तिथं. तिथल्या कारागिरांनी माझ्या मालकाच्या उरलेल्या पायाचा प्लास्टरमध्ये साचा घेतला आणि त्यावरून माझी वाटी तयार केली. या वाटीतच त्याचा उरलेला पाय बसतो. वर चामड्याचे पट्टे लावले, खाली रबराचं पाऊल जोडलं. पावलाला पाच बोटं केली, बोटांना नखंसुद्धा. मी तेव्हा काय चकचकीत होतो म्हणून सांगू! कारागीर माझ्यावर थाप मारून म्हणाला, "चल, लाग कामाला." त्या दिवसापासून मी कामाला लागलो, तो लागलोच.

माझा मालक आश्रुबा, पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसचा. गावात कोणी त्याला नावानं हाक मारत नाही, सगळे फौजी म्हणतात. कारगिलच्या लढाईत तो पलटणीबरोबर डोंगरावर होता. त्याच पलटणीत जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याचा महांतेश होता. इतक्या लांब आपल्या जिल्ह्याचा माणूस भेटला म्हटल्यावर काय विचारता! दोघं एका ताटात जेवायचे. लढाई जिंकल्याचं जाहीर झालं त्याच दिवशी, सामान घेऊन खाली उतरताना, त्यांच्या वाटेवर एक सुरुंग फुटला. महांतेश जागेवर गेला. आश्रुबा वाचला, पण त्याचा डावा पाय तिथंच राहिला. मी तेव्हा नव्हतो. माझ्याआधी त्याचे दोन रबरी पाय झिजून गेले, मी तिसरा. महांतेश त्या दिवशी गेला, म्हणून देश ज्या दिवशी कारगिल विजय दिन साजरा करतो, त्या दिवशी आश्रुबा चारठाण्याला जातो. महांतेशच्या आईकडे, चन्नबसम्माकडे. एक वर्षही चुकवलेलं नाही.

एरवी आमचं काम गिरणीवर. आश्रुबाची पिठाची गिरणी आहे. सकाळी पट्टा फिरायला लागला की दिवसभर उभं राहायचं. डबे उचला, दाणे ओता, पीठ सारखं करा. माणसं दळण ठेवून निवांत बाजार करून येतात, आणि आम्ही तिथंच. माझ्या पट्ट्यांत ज्वारीचं पीठ बसतं, घामानं त्याची लापशी होते. कोणाला सांगणार?

आणि मग ते झेंड्याचे दिवस! सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट, आणि आपल्या मराठवाड्याच्या मुक्तीचा सतरा सप्टेंबर. पाहुण्यांना खुर्च्या, सरपंचांना खुर्ची, खुर्चीवाल्याच्या मेव्हण्यालासुद्धा खुर्ची. आणि फौजी? फौजी झेंड्याजवळ उभा असला म्हणजे शोभा येते, असं सगळ्यांचं म्हणणं. भाषण करणारा म्हणतो, "यांच्या त्यागाला तोड नाही," आणि पुढे इतकं बोलतो की त्यागापेक्षा भाषणच जड व्हावं. टाळ्या वाजतात. गळ्यात हार पडतो. मी खाली उन्हात तापत असतो, आणि वर आश्रुबाचे दात एकमेकांवर दाबलेले असतात. लोकांना वाटतं, फौजीचा चेहरा कसा करारी आहे! अहो, कळ येत होती त्याला, कळ!

मित्रांनो, वापरलेली वस्तू झिजते. माणसाचा पायही वयानं बारीक होतो. माझी वाटी त्याला ढिली झाली, मग घासू लागली, मग एका बाजूनं तिला तडा गेला. आश्रुबानं तड्यावर चिकटपट्टी गुंडाळली. त्याच्या पायाला जखम झाली. परभणीच्या डॉक्टरांनी ती पाहिली आणि चष्मा काढून ठेवला. "फौजी, ही चिघळली तर गुडघाही जाईल. आधी पाय बदला."

"बदलतो साहेब," आश्रुबा म्हणाला.

पण बदलायचं नाव काढेना. त्याची बायको कोकिळा रोज मागे लागायची, "पुण्याला चला हो. फुकट देतात, तुमचा हक्क हाय."

"गिरणी कोण बघंल?"

"मी बघते की."

"तुला एकटीला पोती उचलायला जमतंय व्हय?" असं म्हणून तो मला बांधून निघायचा. मला इतका राग यायचा! मी थकलो होतो, मला सुट्टी हवी होती. पण खरं सांगतो, माझ्यामुळे त्याचं रक्त निघत होतं, ते मला जास्त लागत होतं. ज्याला आधार द्यायला जन्मलो त्यालाच मी कापत होतो.

अशात एक दिवस योगीराज आला. गावातल्याच एका मित्रमंडळाचा अध्यक्ष, तरणाबांड, उत्साही. त्याच्या ओळखीची एक संस्था नवा हलका पाय देणार होती. "फौजी काका, विजय दिनाला परभणीत मोठा कार्यक्रम ठेवलाय. हजार माणूस जमवतो. स्टेजवर तुमचा सत्कार, आन् तिथंच नवा पाय!"

आनंदानं माझे पट्टे सैल झाले. सुटलो, म्हटलं.

"फक्त एक करा," योगीराज पुढे म्हणाला, "पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बसा. जुना पाय सगळ्यांसमोर काढायचा, नवा सगळ्यांसमोर घालायचा. लोकांना दिसलं पाहिजे ना, त्याग काय असतो ते. फोटो पण लय भारी येतील."

त्याच्या मनात पाप नव्हतं. चांगलं करायला निघालेला पोरगा तो, पण आपण काय मागतोय ते त्याला कळत नव्हतं. आश्रुबानं पँट खाली ओढून मला झाकलं. मग म्हणाला, "त्या दिवशी मी चारठाण्याला असतो."

"अहो, दुसऱ्या दिवशी जावा की! माय काय पळून जायली का?"

कोकिळानं नवऱ्याला घरात नेऊन हात जोडले. "दावा की लोकांना. काय बिघडतंय? गुडघा गेल्यावर मी काय करू?" ती रडत होती. मीही मनातल्या मनात तिच्याच बाजूचा होतो. जा रे बाबा, बस त्या स्टेजवर, एकदा लाज वाटेल, पण गुडघा राहील!

विजय दिन उजाडला. आश्रुबानं जखमेवर कापूस ठेवला, वरून मोजा चढवला, मला बांधलं, आणि परभणीची एसटी धरली. पण उतरला तो स्टेजकडे गेला नाही, जिंतूरच्या गाडीत बसला. मला काय वाटलं असेल? मी त्याला शिव्या दिल्या. हो, दिल्या. पाऊस पडून गेला होता. चारठाण्याला स्टँडवरून चन्नबसम्माच्या घरापर्यंत काळा चिखल. एक पाऊल टाकलं की किलोभर माती चिकटायची. माझा तडा उघडत होता, मिटत होता.

चन्नबसम्मा म्हातारी झाली आहे, पण ताठ. कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंग. तिच्या घरी महांतेशच्या दिवशी जंगम स्वामी येतात. लिंगायतांच्या घरी स्वामींची पाद्यपूजा करतात. त्यांचे पाय पाटावर ठेवून धुतात, विभूती लावतात, बेल वाहतात. पूजा झाली, स्वामी जेवून गेले. आश्रुबा भिंतीला टेकून बसला होता. दरवर्षी तो असाच बसायचा, महांतेशच्या चार गोष्टी सांगायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत.

या वेळी चन्नबसम्मानं तोच पाट त्याच्यापुढे सरकवला. "आश्रुबा, पाय ठिव."

"माय, काहीबी काय! मी काय स्वामी हाय का?"

"ठिव म्हन्ते ना."

त्यानं उजवा पाय ठेवला. तिनं तो धुतला. "दुसरा."

"तो रबराचा हाय माय."

"मला दिसत न्हाई का? तुझा खरा पाय माझ्या महांतेशच्या संगं तिकडं राहिला. त्याला एकट्याला ठिवलं न्हाईस तू. हा त्याच्या जागी आलाय. ह्याला सोडून कसं चालंल?"

आणि तिनं मला ओढून पाटावर घेतलं. इतक्या वर्षांत मला पाणी फक्त चिखल काढायला लागलं होतं. ती बोटांच्या फटींतून हात फिरवत होती. माझी खोटी नखं धुतली तिनं! मित्रांनो, मी रबर आणि प्लास्टिक, मला रडता येत नाही. पण तेव्हा रडावंसं वाटलं.

पाणी वर सरकलं, आणि पाटावर लाल उतरलं. तिचा हात थांबला. तिनं स्वतः पट्टे सोडले, मला बाजूला काढलं, मोजा उलटा केला.

"असं रगत घिऊन चालत आलास माझ्याकडं?"

"तुमी एकट्या असता ह्या दिवशी."

"आरं मुर्दाडा!" म्हातारी कडाडली. "एक लेक गेला माझा. दुसऱ्याला मीच चालवून चालवून मारू का? पुण्याला का न्हाई गेलास?"

"गिरणी..."

"खोटं नगं बोलूस. महांतेशच्या दिवशी माझ्या घरात बसून खोटं बोलायलास?"

मग आश्रुबा जे बोलला ते कोकिळालाही त्यानं कधी सांगितलं नव्हतं. "माय, तिथं तरणी पोरं असतात. नुकतेच पाय गेलेली. खाटंवर बसून माझ्याकडं बघतात. मागच्या बारीला मला बघवलं न्हाई. त्यांच्या डोळ्यात मला मीच दिसतो. म्हनून जात न्हाई."

मी थिजलो. मला वाटत होतं, हा हट्टी आहे. मी उगाच शिव्या घातल्या होत्या त्याला.

चन्नबसम्मानं त्याचा उरलेला पाय मऊ फडक्यानं पुसला. जखम सोडून वर विभूतीचं बोट लावलं. मग म्हणाली, "बघू दे की त्यांना. तू चालून दाव. ह्या पायावर लेकरं वाढवली, गिरणी चालवली, दरसाल म्हातारीला भेटायला आलास, हे त्यांना कोन सांगंल? टीव्हीवाला? माझा महांतेश असा पाय जाऊन वाचला असता तर त्याला बी कुनीतरी दावायला पायजे हुतं."

"जातो माय," आश्रुबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी म्हातारी पिशवी घेऊन त्याच्याबरोबर एसटीत चढली. ताडकळसला आली आणि गिरणीवर स्टूल टाकून बसली. कोकिळा पट्टा सांभाळायची, म्हातारी गिऱ्हाईक. पोतं गिऱ्हाइकानं स्वतः उचलायचं, असा तिचा हुकूम निघाला, आणि गंमत म्हणजे कोणी कुरकुर केली नाही. योगीराज खजील होऊन आला. "काका, मला जखमेचं काही माहीत नव्हतं," म्हणाला. "इच्यारलं न्हाईस," चन्नबसम्मा म्हणाली. तिनं त्याला दळणाची पोती उचलायला लावली. तो नवा हलका पाय अजून खोक्यातच आहे, म्हणे. मापाचाच नव्हता तो. माप घ्यायचं सगळे विसरले होते.

आम्ही पुण्याला गेलो. डॉक्टरांनी जखम पाहिली, बरीच बोलणी दिली, पण गुडघा वाचेल म्हणाले. जखम भरेपर्यंत ठेवून घेतलं. मग नव्या पायाचं माप झालं. त्या दिवशी आश्रुबानं मला शेवटचं बांधलं. तडा होताच, कारागिरांनी तात्पुरता आवळून दिला होता. लांबलचक व्हरांडा. दोन्ही बाजूंना खाटा, चाकाच्या खुर्च्या, आणि ती तरणी पोरं. कोणाचा एक पाय नाही, कोणाचे दोन्ही. आश्रुबानं कठडा घट्ट धरला होता. मग त्यानं कठडा सोडला.

आम्ही चाललो. भिंतीपर्यंत आणि परत. मी कुरकुरलो नाही. आवाज येऊ दिला नाही मी.

एका पोरानं खाटेवरून विचारलं, "काका, दुखतं का?"

झेंड्यापुढे इतकी वर्षं उभा राहिलेला माणूस, दातावर दात ठेवून. मला वाटलं, आताही तसाच उभा राहील. पण तो त्या पोराच्या खाटेवर बसला, मला दोन्ही हातांनी पुढे धरलं आणि म्हणाला, "दुखतं रे. लय दुखतं. पर चालता येतं."

त्यानंतर त्या खाटेभोवती सगळ्या चाकाच्या खुर्च्या जमल्या. आश्रुबा बोलत होता आणि पोरं विचारत होती. शिंकताना तोल जातो का, शेतात जाता येतं का, बायको काय म्हणाली, असलं सगळं. जेवणाची वेळ टळून गेली तरी कोणी उठेना.

आता मी एका फडताळात पडून आहे. आडवा, हो, चांगला आडवा! नव्या पायाला मी काही सांगितलं नाही, त्याचं त्याला कळेल. तुम्हाला मात्र सांगतो, मित्रांनो. तुमच्या गावातही कोणी फौजी असेल, एखादी वीरमाता असेल. झेंड्याच्या दिवशी त्यांना हार घाला, सलाम करा, त्यात वाईट काही नाही. पण आधी बसायला खुर्ची द्या. भाषण आटोपतं घ्या. आणि टाळ्या थांबल्यावर जवळ जाऊन हळूच विचारा, दुखतं का. उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.