योनासच्या फोटोला हार

भांडुपच्या आमच्या लेखक मंडळात सातजण आहेत, त्यातले दोघे फक्त चहाला येतात. तरीही जगभरच्या लेखकांच्या एका संघटनेने तुरुंगातला एक कवी आमच्यावर सोपवला. त्याला मी योनास म्हणते. खरं नाव लिहून त्याच्या बायकोचा ताप वाढवायचा नाही. त्याच्यासाठी पत्रं पाठवायची आणि प्रत्येक सभेत त्याचा फोटो ठेवून एक खुर्ची रिकामी सोडायची, अशी या संघटनेची पद्धत.

त्या रविवारी दुपारी त्याची बायको लीना व्हिडिओ कॉलवर येणार होती. तिने आधीच कळवलं होतं, इथे शेजारी बोलत नाहीत, त्याचं नावसुद्धा कोणी काढत नाही, आता हे सगळं थांबवूया. तिची समजूत कशी घालायची या विचाराने माझं डोकं भणभणत होतं.

आमच्या मंडळातल्या सर्वेशने लॅपटॉप जोडला. पडद्यावर लीना आली आणि माझं खुर्चीकडे लक्ष गेलं. फोटोला झेंडूचा भलामोठा हार, खाली उदबत्ती!

"बाबा!" मी किंचाळले.

माझे वडील गुणाजी, गिरणीतले जुने कामगार. हॉलची किल्ली त्यांच्याकडे असते. खुर्चीवर फोटो म्हणजे शोकसभा, हे त्यांचं आयुष्यभराचं गणित.

"अगो, तो गेलो ना?"

"जिवंत आहे तो! वाट लावलीत ना सगळी!"

मी हार ओढून काढला. "का काढला?" लीनाने इंग्रजीत विचारलं. काहीतरी थाप मारता आली असती, पण मला जमलं नाही. खरं ते सांगून टाकलं आणि लाजेने मान खाली घातली.

लीना चक्क हसली. "इकडे सगळ्यांनी त्याला मेलाच धरलाय," ती म्हणाली. "तुम्ही निदान हार तरी काढलात."

मी ते बाबांना मराठीत सांगितलं. त्यांचे डोळे भरले, आणि मग ते एकदम तडकले. "जितो आसा तर मोठ्यान नाव घेवा मा!"

संपात घोषणा देऊन तयार झालेला गळा तो. "योनास!" ते गरजले. "जिंदाबाद!" आम्ही सगळे ओरडलो, चहावाले दोघेसुद्धा.

लीनाचा हात घाईघाईने आवाज कमी करायला गेला. तिथेच थांबला. मग तिने उठून खिडकी उघडली आणि फोन रस्त्याच्या बाजूला धरला.

"आणखी एकदा," ती म्हणाली.